नगर, वन आणि पाऊल मागे घेण्याचे व्रत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 'जीवदया' या विषयावर मी बोलावे, असे सुचविण्यात आले. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पांजरपोळ चालविले, पाणपोया घातल्या, त्याला जीवदयेविषयी मी काय सांगणार? म्हणून विषय थोडा अरुंद करून घेतला आहे. जे प्राणी आपण पाळत नाही आणि जे आपल्या आश्रयाला येत नाहीत, त्या वन्य जीवांना पुण्यासारख्या दाटीवाटीच्या शहरात जागा कशी राहील, एवढाच आजचा प्रश्न.

९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी कोथरूडमध्ये एक रानगवा आला. गवा हा सह्याद्रीच्या जंगलातला गवत-पाला खाणारा, माणसाला बुजणारा प्राणी. त्याला पाहण्यासाठी, त्याचे छायाचित्र घेण्यासाठी लोक धावले, म्हणून तोही धावला. गल्लीबोळांतून, कुंपणे आणि फाटके ओलांडत तो काही तास पळत राहिला. अखेर भुलीचे औषध देऊन त्याला पकडण्यात आले आणि त्याच दिवशी तो मरण पावला. त्याला मारण्याचा हेतू त्या गर्दीत कोणाचाही नव्हता. परंतु हिंसेची व्याख्या करताना आपल्या आचार्यांनी केवळ हेतू पाहिला नाही. प्रमादालाही तेथे स्थान दिले आहे. कुतूहलाने बेभान झालेला जमाव हे प्रमादाचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे दोन आठवड्यांच्या आत, २२ डिसेंबरला, बावधनच्या बाजूला पुन्हा एक गवा दिसला. या वेळी लोकांना दूर रोखण्यात आले, त्याची वाट मोकळी ठेवण्यात आली आणि तो आपला आपण जंगलाकडे परतला. त्याला कोणी चारा घातला नाही, कोणी पाणी पाजले नाही. माणसे मागे सरली, एवढेच घडले.

मागे सरणे हा प्रकार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. पावसाळ्यात भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, त्यांच्यावर पाऊल पडू नये म्हणून साधू-साध्वी चार महिने विहार थांबवितात. श्रावकासाठी परिग्रह-परिमाण व्रत आहे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांची नावे सर्वांत आधी येतात, सोने-चांदी त्यानंतर. आपण मात्र परिग्रह म्हटला की तिजोरीकडे पाहतो. ज्या शहरात जमिनीचा भाव चौरस फुटावर ठरतो, तेथे क्षेत्राचे परिमाण हेच सर्वांत कठीण व्रत होय.

पुण्याचे भाग्य असे की, शहराच्या मध्यातच टेकड्या आहेत. पर्वती-तळजाई, वेताळ टेकडी, बाणेरची टेकडी ही नावे आपल्या रोजच्या बोलण्यातली. १९९७ साली महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतील टेकड्यांवर 'जैववैविध्य उद्यान' असे आरक्षण ठेवण्याचा विषय अनेक वर्षे रेंगाळला आणि २०१५ साली शासनाने त्याला मान्यता दिली. हे क्षेत्र नऊशे हेक्टरांहून अधिक आहे. पण नकाशावरचा हिरवा रंग आणि जमिनीवरची स्थिती यांत अंतर असते. उतारावर आधी पत्र्याची शेड येते, मग भिंत, मग रस्ता. पुष्कळदा एखादे छोटे देवस्थानही येते. ते कोणत्या धर्माचे, हा प्रश्न गौण आहे. या व्यासपीठावरून हे बोलताना संकोच वाटतो, तरी बोलले पाहिजे.

टेकडी राखणे म्हणजे तेथे झाडे लावणे, हाही आपला एक समज आहे. दख्खनच्या या भागाचे मूळ रूप घनदाट अरण्याचे नाही. येथे गवत, बोर, बाभूळ, काटेरी झुडपे आणि उघडे कातळ यांचेच राज्य. चंडोल गवतात जमिनीवर घरटे करतो, तित्तिर झुडपांच्या आडोशाने वावरतो आणि पावसाळ्यात नवरंग येऊन शीळ घालतो. हिरवेपण लवकर दिसावे म्हणून आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. ते झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. त्याच्या दाट सावलीत येथले गवत माघार घेते आणि गवताबरोबर चंडोलही जातो. वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरविताना ती जागा खरोखर उजाड आहे की केवळ आपल्या डोळ्यांना उजाड दिसते, हे जाणकाराला आधी विचारावे, अशी माझी विनंती आहे.

जी गोष्ट टेकडीची, तीच ओढ्याची. सिंगापूर हे पुण्याहून कितीतरी श्रीमंत आणि तितकेच दाटीचे नगर. तेथे कलांग नदीचा सुमारे पावणेतीन किलोमीटरचा भाग सरळ सिमेंटच्या नाल्यात बांधलेला होता. तो नाला फोडून त्यांनी नदीला बिशान येथील उद्यानातून वळणे घेत वाहू दिले. २०१२ साली हे काम पूर्ण झाले. पाऊस वाढला की नदी काठावरच्या हिरवळीवर पसरते आणि ओसरली की मुले तेथेच खेळतात. पुढे त्या नदीत पाणमांजरांची कुटुंबे दिसू लागली. त्यांना कोणी आणून सोडले नव्हते. आणि आपण? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, काठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि अनेकांचे प्राण गेले. ओढ्याची जागा आपण घेतली होती. त्या रात्री ती त्याने परत मागितली. वन्य जीवांसाठी सोडलेली जागा माणसाच्याही उपयोगी पडते, हे पटविण्यास मला वेगळा पुरावा लागत नाही.

आता ज्या प्रश्नाची आपण कदाचित वाट पाहत असाल, त्याकडे येतो. २०२५ साली मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद न्यायालयापर्यंत गेला, त्याने आपल्या समाजातील पुष्कळांची मने दुखावली. ती वेदना खोटी नव्हती. दाणे टाकणाऱ्या वृद्ध मातेच्या हातात करुणाच असते. तथापि माझे मत मी लपवीत नाही. पारवा हा मुळात कडेकपारीत राहणारा पक्षी. आपल्या इमारतींच्या वळचणी त्याला कपारीच वाटतात. निवारा आयता आणि अन्न रोजचे, त्यामुळे त्याची संख्या वाढत जाते. त्याच्या विष्ठेच्या धुळीने काही माणसांना फुप्फुसांचा गंभीर विकार जडतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. म्हणजे आपण ज्याला जीवदया म्हणतो, ती एका जातीपुरती उरते आणि तिचा भार इतरांवर पडतो. चिमणीचेच पाहा. ती दाणे खाते खरी, पण पिलांना किडे भरविते. किडे हवेत तर माती हवी, झुडपे हवीत. घरट्यासाठी भिंतीत भोक हवे. मूठभर बाजरीने यांतले काहीच होत नाही.

पिंजऱ्यातले पोपट विकत घेऊन सोडण्याची प्रथाही थांबली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपटांची विक्री हा गुन्हा आहे. आणि आपण मोजलेल्या पैशांतून पारधी पुढचे जाळे विकत घेतो.

रात्रीविषयी एक शब्द. दिव्याकडे झेपावणाऱ्या जीवांची हिंसा टळावी, हे रात्रिभोजनत्यागाचे एक कारण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ताटाजवळच्या एका दिव्याचा एवढा विचार करणाऱ्या समाजाने शिखरावर रात्रभर प्रखर झोत सोडावेत, हे मला विसंगत वाटते. (आजच्या मंडपावरील रोषणाई सुंदर आहे, यात शंका नाही; संयोजकांनी राग मानू नये.) दहा वाजता ते दिवे मालविले तर खर्चही वाचेल.

मुळशी-भोरकडच्या गावांत देवराया आहेत. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत गावकरी वाळलेली काटकीही उचलीत नसत, म्हणून तेथे जुनी झाडे आणि झरे टिकले. जमीन देवाची, आणि देव ती वापरीत नाही. अशी ती व्यवस्था. शहरातील धार्मिक संस्थांकडे, आपल्याही, मोकळी जमीन आहे. ती देवराईइतकी मोठी नाही, एवढाच फरक.

आपल्या आवाराच्या मागील कोपऱ्यात जुना उंबर आहे. त्याच्याभोवती पेव्हर ब्लॉक बसविण्याचा ठराव पुढील सभेपुढे येणार आहे, असे समजते. पंच उदुंबर फळांचा त्याग आपण करतो, कारण त्यांत जीव असतात. तेव्हा त्या झाडाचे एकही फळ आपल्या कामाचे नाही. ते सर्व तांबट, बुलबुल, कोकीळ आणि वटवाघळांचे आहे. फरशीवर फळे पडून घाण होते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणून फरशीच घालू नये, असे मी सुचवीन. दहा बाय वीस फुटांची माती उघडी राहील, पावसाचे पाणी मुरेल. झाडलोट करणाऱ्या मावशींना एवढे सांगावे लागेल की, पडलेली पाने जाळू नयेत, बुंध्याशीच लोटून ठेवावीत. बाजूला दोन गाड्या कमी उभ्या राहतील. त्यांची सोय रस्त्यापलीकडे होऊ शकते, मी पाहून आलो आहे. विश्वस्त मंडळाची अनुमती असेल तर त्या चर्चेच्या वेळी मी उपस्थित राहीन.