विश्वासाची नक्कल : खऱ्या आणि फसव्या ई-मेलची पारख

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



टपालाने आलेल्या पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव स्वतः पाठवणाराच लिहितो. टपाल खाते ते नाव पडताळून पाहत नाही. पाकीट पत्त्यावर पोहोचवणे एवढीच त्याची जबाबदारी. ई-मेलमध्ये पाठवणाऱ्याचे जे नाव दिसते, त्याचीही स्थिती तीच आहे. त्या जागी बँकेचे किंवा एखाद्या देयक कंपनीचे नाव दिसले, म्हणून ते पत्र त्याच संस्थेने पाठवले असे ठरत नाही. या उणिवेवरच फिशिंगचा सारा व्यवसाय उभा आहे.

या गळाला लावले जाणारे आमिष सहसा ठराविक असते. ‘आपले खाते चोवीस तासांत बंद होईल’, ‘केवायसी तातडीने अद्ययावत करा’, ‘आयकराचा परतावा मंजूर झाला आहे’ असा मजकूर आणि त्याखाली एक लिंक. ती उघडताच बँकेसारखेच दिसणारे पान समोर येते आणि तेथे भरलेला पासवर्ड थेट भामट्याच्या हाती पडतो. नॅसकॉम या संघटनेच्या नावाने पाठवलेल्या बनावट ई-मेलच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्येच हे कृत्य बेकायदेशीर ठरवले. पुढे २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-डी समाविष्ट झाले. संगणकीय साधनाद्वारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. कायदा आहे, तरीही सामान्य खातेदाराला पहिला निर्णय स्वतःच, पत्र समोर असताना, घ्यावा लागतो.

स्वस्त खुणा आणि महाग खुणा

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. अशा वेळी खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावू शकतो. फसव्या ई-मेलमुळे नेमके हेच घडते. बनावट पत्रे वाढली की ग्राहक खऱ्या पत्रावरही विश्वास ठेवीनासा होतो आणि बँकेची अस्सल सूचना दुर्लक्षित राहते. यातून मार्ग एकच. ज्या खुणेची नक्कल करणे खर्चिक किंवा अशक्य आहे, तिच्यावरच भरवसा ठेवायचा.

या कसोटीवर आपल्या नेहमीच्या खुणा तपासून पाहाव्यात. बोधचिन्हाची नक्कल क्षणात करता येते. अशुद्ध भाषा ही पूर्वी फसवेगिरीची खूण मानली जाई, परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी आता कोणालाही निर्दोष मजकूर लिहिता येतो. ‘प्रिय ग्राहक’ असे मोघम संबोधन संशयास्पद खरे, पण फुटलेल्या माहितीतून ग्राहकाचे पूर्ण नावही भामट्यांना मिळू शकते. संकेतस्थळापुढील कुलपाचे चिन्ह केवळ एवढेच सांगते की वाटेत माहिती कोणी वाचू शकत नाही. पलीकडे प्रामाणिक माणूस बसला आहे, याची ग्वाही ते देत नाही.

संकेतस्थळाचा पत्ता मात्र तुलनेने महाग खूण आहे. तो वाचण्याची रीत समजून घेतली पाहिजे. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. ‘आपलीबँक डॉट खातेतपासणी डॉट कॉम’ या पत्त्याचा मालक ‘खातेतपासणी डॉट कॉम’ घेणारा इसम आहे. पुढे जोडलेले बँकेचे नाव निव्वळ सजावट होय. याच कारणाने रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्याकडे वळण्यास सांगितले. हे पत्ते हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत केवळ बँकांनाच दिले जातात. इतर देयक कंपन्यांचे पत्ते ग्राहकाने स्वतः नोंदवून ठेवणे इष्ट.

पत्र खरे, मजकूर खोटा

याहून अवघड प्रकारही आढळतो. काही देयक सेवांवर कोणताही खातेदार दुसऱ्याला पैशांची मागणी किंवा बिल पाठवू शकतो. भामटे त्याचाच उपयोग करून घेतात. तेव्हा ई-मेल खरोखरच कंपनीकडून येतो, पत्ताही अस्सल असतो. परंतु बिलाच्या टिपणीत ‘हा व्यवहार तुम्ही केला नसेल तर या क्रमांकावर दूरध्वनी करा’ असे लिहून भामट्याचा क्रमांक दिलेला असतो. येथे पत्राची पारख करून भागत नाही.

म्हणून सर्वांत खात्रीचा नियम पत्राच्या बाहेरचा आहे. पत्रातील लिंक उघडू नये, त्यातील क्रमांकावर बोलू नये. स्वतः पत्ता टाइप करून किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून खाते पाहावे; दूरध्वनी करायचा असेल तर कार्डामागे किंवा पासबुकावर छापलेला क्रमांक घ्यावा. सूचना खरी असेल तर ती बहुधा तेथेही दिसेल. न दिसल्यास बँकेकडे चौकशी करावी. हाच विवेक यूपीआयला लागू पडतो. पिन पैसे देण्यासाठी लागतो, मिळवण्यासाठी कधीच लागत नाही.

नुकसान कोणाचे?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांतील जबाबदारीची तत्त्वे घालून दिली. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. पण ग्राहकाने स्वतःच पासवर्ड वा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. फिशिंगला बळी पडलेला माणूस बहुधा या दुसऱ्या वर्गात मोडतो. शरमेपोटी गप्प बसण्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. फसगत लक्षात येताच बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकाला कळवले, तर पैसे पुढे सरकण्याआधी रोखले जाण्याची शक्यता राहते.

तथापि सारा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकणे न्याय्य नाही. निवृत्तिवेतन प्रथमच मोबाइलवर पाहणारी वृद्धा, मजुरी थेट खात्यात जमा होणारा कामगार यांच्याकडून पत्त्यांच्या व्याकरणाची अपेक्षा किती करावी? ज्या बँका आपल्या जाहिरातींच्या ई-मेलमध्ये ‘येथे क्लिक करा’ अशा लिंक पाठवतात, त्याच ग्राहकाला वाईट सवय लावतात. खात्यासंबंधीच्या कोणत्याही पत्रात लिंक नसेल, असे प्रत्येक संस्थेने जाहीर करून ते पाळले, तर लिंक असलेले पत्र खोटे समजणे निरक्षर खातेदारालाही सांगता येईल. त्यासाठी संस्थांना येणारा खर्च अल्प आहे. तो न केल्यास होणारे नुकसान मात्र ज्यांना ते सोसणे सर्वांत कठीण, त्यांच्याच वाट्याला येत राहील.