रिकाम्या पुंगळीची साक्ष



नेमबाजीच्या मैदानावर गोळीबार थांबला की बहुतेकांची दृष्टी लक्ष्याकडे धावते. जाणता प्रशिक्षक मात्र आधी खाली वाकतो आणि पायाशी पडलेली पितळी पुंगळी उचलतो. लक्ष्यावरील छिद्र नेमबाजाचे कौशल्य सांगते. पुंगळी रायफलीची, दारूची आणि स्वतःच्या धातूची हकीकत सांगते. पुढची गोळी झाडणे सुरक्षित आहे की नाही, याचे उत्तर या रिकाम्या पुंगळीत शोधावे लागते.

त्यासाठी आधी पुंगळीचे कार्य ध्यानी घेतले पाहिजे. गोळी, दारू आणि दारू पेटविणारी बुडातील प्राइमरची टोपी या तिघींना एकत्र धरते ती पुंगळी. चाप ओढताच हवेच्या नेहमीच्या दाबाच्या काही हजार पट दाब क्षणार्धात निर्माण होतो. त्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि तप्त वायूंचा मागचा मार्ग बंद करते. दाब उतरताच ती किंचित आकसावी लागते, अन्यथा चेंबरमध्येच अडकून बसते. सुमारे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त यांचे पितळ या दोन्ही गुणांसाठी निवडले गेले.

मात्र हे पितळ सर्वांगाने सारखे असून चालत नाही. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर जाणतो, की ठोकल्याने धातू कठीण होतो आणि तापविल्याने पुन्हा मऊ पडतो. पुंगळीच्या घडणीतही हेच शास्त्र आहे. तिचे बूड कठीण राखतात, मान तापवून मऊ करतात. लष्करी काडतुसाच्या मानेभोवती दिसणारा निळसर-तपकिरी डाग ही त्या तापविण्याची खूण होय. नवखा मनुष्य त्याला कळकट पितळ समजतो. परीक्षक त्या डागाकडे संस्कार झाल्याची निशाणी म्हणून पाहतो.

पुंगळी दगा देते तेव्हा काय घडते, याचे उदाहरण इतिहासात आहे. ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस पूर्वी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनवीत. जानेवारी १८८५ मध्ये सुदानातील अबू क्लेआच्या लढाईत तापलेल्या, धुळीने भरलेल्या रायफलींत ही काडतुसे अडकू लागली. बूड उपटून बाहेर येई आणि उरलेला पत्रा आत राही. शत्रू अंगावर आलेला असताना सैनिकाच्या हाती केवळ संगीन उरली. त्यानंतर अखंड पितळेतून ओढून घडविलेल्या पुंगळ्यांचा आग्रह धरला गेला.

आता पुंगळी कशी वाचावी? आरंभ मानेपासून करावा. मानेवरील थोडी काजळी स्वाभाविक असते. परंतु काजळीचे ओघळ खांद्याखाली धडापर्यंत उतरले असतील, तर पुंगळी वेळेवर चिकटली नाही असे समजावे. मानेला उभी चीर असेल, तर पितळ कठीण व ठिसूळ झाले असण्याचा संभव असतो. धडाला गेलेली चीर त्याहून गंभीर मानावी.

नंतर दृष्टी बुडाकडे न्यावी. बुडाच्या किंचित वर सभोवार चकाकणारे बारीक कडे दिसले, तर तेथे पितळ ताणले जाऊन पातळ होत असल्याची शंका घ्यावी. टोक वाकविलेली तार आतून फिरविली आणि ती एखाद्या खाचेत अडली, तर शंका खरी ठरते. अशी पुंगळी दोन तुकडे होण्याच्या मार्गावर असते. अखेरीस टोपी पाहावी. ती अतिशय चपटी झालेली, भोक पडलेली वा सैल असेल, अथवा तिच्याभोवती काळे वर्तुळ असेल, तर दाब मर्यादेबाहेर गेला किंवा बुडाचे पितळ मऊ होते, असा संशय येतो. बाहेर फेकली जाताना पडलेला बारीक पोचा मात्र बहुधा निरुपद्रवी असतो.

येथे विवेक लागतो. चकाकते कडे दिसले म्हणून दोष पितळाचाच असे नाही. बोल्ट आणि पुंगळीचे बूड यांत अंतर अधिक असेल, तर उत्तम पितळही ताणले जाते. म्हणून त्याच साठ्यातील काडतूस दुसऱ्या, तपासलेल्या रायफलीतून झाडून पाहतात. खूण रायफलीबरोबर गेली तर रायफल दोषी. काडतुसाबरोबर राहिली तर काडतूस दोषी. एका पुंगळीवरून साऱ्या साठ्याला दोषी ठरवू नये, आणि तीच चीर दुसऱ्या-तिसऱ्या पुंगळीत दिसली तर योगायोग म्हणून सोडूनही देऊ नये.

काही दोष तर दृष्टीला दिसतच नाहीत. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात साठविलेल्या काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. ऋतूशी संबंध दिसल्याने इंग्रजीत त्या तड्यांना ऋतूचेच नाव मिळाले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी याचा उलगडा केला. घडविताना पितळात राहिलेला अंतर्गत ताण आणि दमट हवेतील अमोनिया यांच्या संयोगाने धातू फाटत असे. तो अमोनिया घोड्यांच्या तबेल्यांतूनही येई. बेताच्या उष्णतेने ताण उतरविणे हा त्यावरील उपाय ठरला. बाहेरून लखलखीत असलेली पुंगळी आतून दुभंगण्याच्या बेतात असू शकते, हा धडा आपल्याच भूमीवरील पावसाने शिकविला.

महाराष्ट्राचा या विद्येशी जवळचा संबंध आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात रायफलींची काडतुसे तयार होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. व्यवस्था बदलली तरी परीक्षकाचे दायित्व बदललेले नाही. काडतूस झाडल्याखेरीज त्याची पूर्ण परीक्षा होत नाही आणि झाडलेले काडतूस परत वापरात देता येत नाही. म्हणून नमुन्याची काडतुसे झाडून उरलेल्या हजारोंविषयी निर्णय द्यावा लागतो. मागणी तातडीची असते, मुदत जवळ आलेली असते, आणि हातात एक बारीक चीर गेलेली पुंगळी असते. त्या वेळी ‘चालेल’ हा शब्द फार स्वस्त वाटतो. त्याची किंमत मात्र सीमेवरील जवानाला आपल्या डोळ्याने वा प्राणाने द्यावी लागू शकते.

मैदानावरील पुंगळ्या मोजून जमा करण्याची शिस्त सर्वांना ठाऊक आहे. मोजणाऱ्या हाताने क्षणभर थांबून त्या न्याहाळल्याही पाहिजेत, आणि जे दिसले ते नोंदवून वरिष्ठांपर्यंत पोहोचविले पाहिजे.