फुटलेली टाकी, वितळलेला सांधा

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत ट्रॅक्टरमागची फवारणीची टाकी कच्च्या रस्त्याने हादरे खात असते. गच्चीवरची काळी टाकी वर्षानुवर्षं ऊन झेलते. चालत्या घरासारख्या मोटारगाडीतल्या टाकीचंही दुखणं तेच, तडा. तडा जातो तो बहुधा नळीच्या जोडापाशी, नाहीतर खालचा आधार सपाट नसेल तिथे.

मग आपण एम-सीलसारखी लांबी थापतो आणि थोड्याच दिवसांत तिचा पापुद्रा निघतो. दोष लांबीचा नाही. अशा बहुतेक टाक्या पॉलिएथिलीनच्या असतात आणि त्यावर नेहमीचा कुठलाही गोंद नीट धरत नाही. खात्री करायची तर एक तुकडा पाण्यात टाका. पॉलिएथिलीन तरंगतं, एबीएस प्लास्टिक बुडतं. एबीएस सांधायला त्याचं खास द्रावण चालतं. पॉलिएथिलीनला मात्र वितळवूनच सांधावं लागतं.

टाकी रिकामी करून धुवा, पूर्ण वाळवा. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. हे बरेच जण टाळतात आणि तिथेच फसतात. कडा खरवडून इंग्रजी व्हीसारखी खाच करा. हॉट एअर गनने खाच आणि त्याच प्लास्टिकची पट्टी एकाच वेळी मऊ करून दाबत भरा. धूर झाला तर उष्णता जास्त आहे. काम मोकळ्या हवेतच करा.

फवारणीची टाकी कितीही धुतली तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नका. आणि प्लास्टिकचा नखाने भुगा होत असेल, तर सरळ नवी टाकी घ्या.