गणिताचा प्राध्यापक आणि पाळणा

कागलच्या फाईव्हस्टार एमआयडीसीत पाळी सुटली की कापडाच्या कारखान्यातल्या बायका गाडीची वाट बघत उभ्या असतात. बोलता बोलता विषय निघतो, "दोन झाली, आता ऑपरेशन कधी?" हे विचारतात ते बाईलाच. फौंड्रीतल्या तिच्या नवऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणून आज र. धों. कर्वे.

महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनचं मेरी स्टोप्सबाईंचं केंद्रही त्याच वर्षीचं. कॉलेजला हा उद्योग मानवला नाही. १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली, काम सोडलं नाही. पत्नी मालतीबाईंची साथ होती. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं, ते १९५३ मध्ये कर्व्यांच्या निधनाबरोबरच संपलं. मधे अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात ठराव आला, की संततिनियमनाची सोय सरकारनं करावी. आणला कुणी? आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं. मजुरांच्या पक्षानं, बरं का! ठराव पडला. सरकारी कार्यक्रम यायला १९५२ उजाडलं.

कर्व्यांच्या लेखी लोकसंख्या नंतर, आधी बाई. मूल हवं की नको, ते तिनं ठरवायचं. सरकारनं मात्र उद्दिष्टं धरली, आणीबाणीत तर सक्तीच केली. त्याची धास्ती घेऊन पुरुष बाजूला झाले आणि भार बायकांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभर विवाहितांमागे सुमारे अडतीस जणींची नसबंदी झालेली दिसते. पुरुषांची शंभरात एकसुद्धा भरत नाही.

"नसबंदी केली तर जड काम जमणार नाही," असं फौंड्रीतले भाऊ म्हणतात. तसं नाही. बिनटाक्याची शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी जाता येतं. दोन दिवस विश्रांती, मग हलकं काम. भट्टीजवळचं ओझं आठवडाभर टाळायचं. पुढचे तीन महिने मात्र निरोध वापरायचा आणि तपासणी करून घ्यायची. त्याआधी पाळणा हलला, तर दोष शस्त्रक्रियेचा नाही.