दूर पल्ल्याचा मारा आणि घरातला दिवा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी व्याख्याता नाही. नोकरीची चौतीस वर्षे मी वीज मंडळाच्या उपकेंद्रांत काढली. बोलण्यापेक्षा टेलिफोनवर ओरडण्याचीच सवय मला अधिक. तरीही संस्थेने बोलावले आणि विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आपल्याच शाळेतील अकरावीच्या एका मुलाचा प्रश्न मला आठवला. युक्रेनमधील वीजकेंद्रावर क्षेपणास्त्रे पडल्याची बातमी वाचून त्याने विचारले होते, "सर, संध्याकाळपर्यंत आग विझली असे लिहिले आहे. म्हणजे फार नुकसान झाले नसेल ना?" आपणही अशा बातम्या याच रीतीने वाचतो. आग किती मोठी होती ते पाहतो. यंत्र कोणते गेले हे विचारीत नाही.

प्रथम आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. या सभागृहात असे घर क्वचितच असेल की ज्यातील कोणी ना कोणी दमाम, जुबैल किंवा कुवेतला गेलेले नाही. 14 सप्टेंबर 2019 रोजी पहाटे सौदी अरेबियातील अबकैकचे तेल-प्रक्रिया केंद्र आणि खुरैसचे तेलक्षेत्र यांवर हल्ला झाला. अबकैक दमामपासून फार दूर नाही. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात प्रत्येकाच्या मोबाईलवर आगीचे तेच चित्र फिरत होते. शेजारच्या भाभींचा मुलगा तिकडे असल्याने त्या दुपारपर्यंत ओट्यावरच बसून होत्या. फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "अम्मी, इथे सगळे ठीक आहे, मी ड्यूटीवर चाललोय." त्यांचा विश्वास बसेना, कारण डोळ्यांसमोर आग होती.

सौदी सरकारने पुढे मांडलेल्या माहितीनुसार अबकैकवर 18 ड्रोन आणि खुरैसवर 4 क्रूझ क्षेपणास्त्रे आदळली. आणखी तीन क्षेपणास्त्रे लक्ष्याच्या अलीकडेच पडली. येमेनमधील हूथींनी जबाबदारी घेतली, सौदी व अमेरिकेने इराणकडे बोट दाखविले, इराणने ते नाकारले. दररोजचे सुमारे 57 लाख बॅरल उत्पादन थांबले. म्हणजे सौदीचे जवळजवळ निम्मे आणि जगाचे पाच टक्के! सोमवारी बाजार उघडताच खनिज तेलाचे भाव भडकले आणि दिवसअखेर सुमारे पंधरा टक्के वाढ टिकून राहिली. अणि तरीही महिना उलटण्याच्या आत उत्पादनक्षमता पूर्ववत झाल्याचे सौदीने जाहीर केले.

हे कसे झाले? विहिरीतून आलेल्या तेलातील विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू काढून ते जहाजात भरण्याजोगे करणे, हे अबकैकचे काम. त्यासाठीचे स्तंभ तेथे एकाशेजारी एक असे अनेक आहेत. काही गेले, काही वाचले. टाक्यांत साठा होता, पैसा होता, कामाला माणसे होती. आणि मुख्य म्हणजे त्या ठिकाणी लगेच दुसरा हल्ला झाला नाही. हे शेवटचे वाक्य मनात ठेवा.

युक्रेनमध्ये नेमका दुसरा हल्ला झाला, तिसरा झाला, आणि होतच राहिला. 24 फेब्रुवारी 2022 रोजी युद्ध सुरू होण्याच्या काही तास आधी त्या देशाने एका पूर्वनियोजित चाचणीसाठी आपले वीजजाळे रशिया व बेलारूसच्या जाळ्यापासून वेगळे केले होते. चाचणी तीन दिवसांची होती. ते पुन्हा तिकडे कधीच जोडले गेले नाही. 16 मार्चला युरोपच्या जाळ्याशी जोडण्यात आले. ज्याने आयुष्यात एकदा तरी दोन जाळ्यांची फ्रीक्वेन्सी जुळविली आहे, त्याला हे काम तोफांच्या आवाजात कसे केले असेल याची कल्पना येईल.

10 ऑक्टोबर 2022 पासून रशियाने वीजव्यवस्थेवर क्षेपणास्त्रांचे आणि ड्रोनचे मोठे मारे सुरू केले. 23 नोव्हेंबरला तर युक्रेनच्या ताब्यातील सर्व अणुवीज केंद्रे जाळ्यापासून तुटली आणि शेजारच्या मोल्दोव्हातही अंधार पसरला. मोल्दोव्हावर त्या दिवशी काही पडले नव्हते, पण तारा एकमेकांत गुंतलेल्या होत्या.

त्या पहिल्या हिवाळ्यात लक्ष्य मुख्यतः उपकेंद्रे होती, आणि उपकेंद्रात रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आपल्या गावातील डीपी जळाली तर दुसरी ट्रॅक्टरवर घालून आणतात. दोन दिवस आपण आरडाओरडा करतो आणि मग दिवे लागतात. पण 330 किंवा 750 किलोव्होल्टचे रोहित्र ही निराळीच वस्तू आहे. वजन दोनशे टनांच्या घरात किंवा त्याहून अधिक, आत तांब्याची वेटोळी, पोलादी पत्र्यांचा गाभा आणि टँकरच्या टँकर तेल. असे रोहित्र दुकानात मिळत नाही. मागणी नोंदवावी लागते, मग कारखाना ते घडवितो, आणि त्यास वर्ष किंवा अधिक लागते. पुन्हा ते वाहून आणावयाचे म्हणजे पूल किती भार सोसेल इथपासून तयारी. त्यातून युक्रेनचे जाळे सोव्हिएत काळातील दाबांवर उभारलेले आहे. पश्चिम युरोपात प्रामुख्याने 400 आणि 220 किलोव्होल्ट चालते. त्यामुळे मदत करू इच्छिणाऱ्यांचीही रोहित्रे तेथे सहजी बसत नाहीत. लिथुआनियासारख्या बाल्टिक देशाकडे जुन्या काळचे 330 चे सामान होते, ते कामी आले.

म्हणून त्या मुलाला माझे उत्तर असे की, रोहित्रातील तेल जळून संपले की आग आपोआपच विझते. आग विझली याचा अर्थ जळण्यासारखे काही उरले नाही, असाही असू शकतो.

2023 पासून तेथील अभियंत्यांनी रोहित्रांभोवती वाळू-दगडांनी भरलेल्या जाळ्या रचल्या, काँक्रीटचे पिंजरे उभारले. मग 2024 च्या वसंतात माऱ्याचा रोख वीज निर्माण करणाऱ्या केंद्रांकडे वळला. 11 एप्रिल 2024 रोजी कीव्हजवळचे ट्रिपिल्स्का औष्णिक केंद्र उद्ध्वस्त झाले. त्या काही महिन्यांत सुमारे 9,000 मेगावॅट क्षमता गेल्याचे युक्रेनच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. दुरुस्तीला गेलेले कित्येक वीज-कामगार पुन्हा झालेल्या माऱ्यात मरण पावले. त्यांच्याविषयी वाचताना माझे मन मंडळातील लाइनमनांकडे जाते. वादळात खांबावर चढताना त्यांना निदान एवढे ठाऊक असते की वीज मुद्दाम त्यांच्यावर पडणार नाही.

आता घराकडे येऊ. दिवा गेला तर मेणबत्ती लावता येते. पण पाणी वर चढविणारा पंप विजेवर चालतो, सांडपाणी वाहून नेणाराही विजेवरच. कीव्हसारख्या शहरात इमारतींना उष्णता मध्यवर्ती केंद्रातून नळांवाटे येते. शून्याखाली दहा अंश असताना तो प्रवाह थांबला आणि वेळीच पाणी काढून घेतले नाही, तर नळ आतून फुटतात. मग वीज परत आली तरी घर गरम होत नाही. 1991 च्या आखाती युद्धात इराकची वीजकेंद्रे बॉम्बफेकीत निकामी झाली, आणि त्यापाठोपाठ पाणी शुद्ध करणारी केंद्रे बंद पडून जुलाब, पटकी यांची साथ आली. बॉम्बवर्षाव थांबल्यानंतरही मुले मरत होती, पण तोवर वार्ताहरांच्या बातम्या पुढे सरकल्या होत्या.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 2024 च्या आरंभापासून युक्रेननेही रशियाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर दूर पल्ल्याचे ड्रोन पाठविण्यास सुरुवात केली. 2 एप्रिल 2024 रोजी सीमेपासून हजार किलोमीटरहून दूर असलेल्या निझ्नेकाम्स्कच्या कारखान्यावर मारा झाला. युक्रेन म्हणाला, लक्ष्य साधले. रशिया म्हणाला, आग वीस मिनिटांत विझली, काम चालू आहे. यात कोणी खोटे बोललाच असेल असे नाही! याउलट 12 मार्चला निझ्नी नोव्हगोरोद भागातील कारखान्यात कच्चे तेल प्रथम उकळून वेगळे करणाऱ्या एककाला धक्का लागला, तेव्हा जवळजवळ निम्मी क्षमता बंद पडल्याचे वृत्त होते. त्याच कारखान्यातील दुसरे एक एकक जानेवारीत, एकही ड्रोन न येता, केवळ कॉम्प्रेसर बिघडल्याने बंद पडले होते आणि निर्बंधांमुळे दुरुस्ती अडली होती. रशियाने 1 मार्च 2024 पासून पेट्रोलच्या निर्यातीवर बंदी घातली. 2025 च्या शरदात सीमेलगतच्या बेल्गोरोद शहरानेही अंधार पाहिला.

न्यायाची बाजू थोडक्यात सांगतो. जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलनुसार मारा केवळ लष्करी लक्ष्यांवरच करता येतो, आणि तेथेही नागरिकांचे नुकसान प्रमाणाबाहेर होता कामा नये. मार्च 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने युक्रेनच्या वीजव्यवस्थेवरील माऱ्याबद्दल कोबिलाश व सोकोलोव्ह या रशियन सेनाधिकाऱ्यांविरुद्ध, आणि जूनमध्ये शोइगू व गेरासिमोव्ह यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. रशिया त्या न्यायालयाचा अधिकार मानत नाही. शुद्धीकरण कारखान्याचे डिझेल रणगाड्यातही जाते आणि ट्रॅक्टरमध्येही, तेव्हा तेथील निवाडा अवघड आहे हे मी मान्य करतो. पण कडाक्याच्या थंडीत शहरामागून शहर अंधारात लोटणे याला माझ्या मते लष्करी नाव देता येत नाही, मग ते कोणीही करो.

बातमी वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. "पाडलेल्या ड्रोनचे अवशेष पडून आग लागली" हे रशियन प्रांताधिकाऱ्यांचे नेहमीचे वाक्य आहे. त्यातून ड्रोन पोहोचला होता की नाही हे कळत नाही. युक्रेनमध्ये माऱ्याच्या जागेची छायाचित्रे तत्काळ प्रसिद्ध करण्यास मनाई असते. तेव्हा चित्र नाही म्हणून नुकसान नाही असे समजू नये. उपग्रहांनी टिपलेल्या उष्णतेच्या नोंदी नासाच्या नकाशावर कोणासही विनामूल्य पाहता येतात, पण शुद्धीकरण कारखान्यात जादा वायू जाळणारी ज्योत एरव्हीही पेटलेली असते. तो ठिपका पाहून उड्या मारू नका. आणि "इतके टक्के क्षमता नष्ट" असे वाचलेत, तर एकच एकक गेले असताना पूर्ण कारखान्याची क्षमता तर मोजली नाही ना, हे तपासा.

आपल्या ग्रंथालयात मी एक वही ठेवली आहे. तीत पाच रकाने आहेत: तारीख, ठिकाण, कोणते यंत्र, कोण काय म्हणाले, आणि ते यंत्र पुन्हा केव्हा चालू झाले. तो अकरावीचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र ती भरतात. पाचवा रकाना बहुतेक रिकामाच आहे, कारण तोवर वर्तमानपत्रे दुसरीकडे वळलेली असतात. जुन्या बातम्या चाळून तो भरावयाचा आहे. आणखी दोघे-तिघे विद्यार्थी, आणि विद्यार्थिनीही, मिळाल्यास हवे आहेत; शनिवारी शाळा सुटल्यावर मी तेथे असतो.