माउस: जुना बरा कीं नवा?

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा हौदांत पडणाऱ्या धारेपाशींच उभा राहतो. तिचा खरा बोध मात्र जात्यापाशीं आहे. कित्येक मैलांवरील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणावयाचें, तें उंचावरून पात्यांवर सोडावयाचें, आणि त्या वेगानें फिरणाऱ्या जात्यावर दर्ग्यांतील फकीर व विद्यार्थी यांच्यासाठीं धान्य दळावयाचें, अशी ती योजना. ती शहाणपणाची ठरली, ती नवी होती म्हणून नव्हे. तिनें हातांचे श्रम वांचविले म्हणून. कोणतेंहि नवें साधन विकत घेतांना हाच निकष लावणें इष्ट होय.

आज त्याच शहरांतील असंख्य टेबलांवर माउस नांवाचें एक लहानसें साधन बसलें आहे. टंकलेखनाच्या दुकानांत अर्ज व लग्नपत्रिका त्याच्याच साह्यानें जुळविल्या जातात. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्यें साच्यांचीं आरेखनें शिकणारे विद्यार्थी आणि वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतील आरेखक दिवसाचे कित्येक तास त्यावर हात ठेवून असतात. अशा माणसास दुकानदार सांगतो कीं, जुना टाका, नवा घ्या. साधा माउस तीन-चारशें रुपयांस मिळतो; नव्या घडणीच्या माउसास कित्येक हजार पडतात. ज्या दुकानाचा दिवसाचा गल्लाच जेमतेम तेवढा, त्याच्या मालकास हा प्रश्न हौसेचा नसून पोटाचा आहे.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं १९६४ सालीं पहिला माउस बनविला. तो लांकडी होता, आणि त्याच्या पोटांत एकमेकांशीं काटकोन करणारीं दोन चाकें होतीं. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें त्याचें जाहीर प्रात्यक्षिक झालें. पुढें चाकांच्या जागीं बॉल आला. बॉल टेबलावर लोळे, त्याच्या स्पर्शानें आंतील दोन रूळ फिरत, आणि त्यांच्या फिरण्यावरून पडद्यावरील बाण सरके. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यांतील धूळ मात्र या यंत्रास मानवण्यासारखी नव्हती. बॉल ती धूळ आंत नेई, ती रुळांवर कड्यासारखी बसे आणि बाण अडखळे. मग झांकण फिरवून बॉल काढावा व नखानें रूळ खरवडावे, हाच त्यावरचा उपचार असे.

१९९९ मध्यें मायक्रोसॉफ्टनें बाजारांत आणलेल्या प्रकाशीय माउसानें या पीडेवर तोडगा काढला. त्याच्या पोटांतील दिवा टेबलावर उजेड पाडी आणि एक सूक्ष्म कॅमेरा दर सेकंदास १,५०० चित्रें घेई. लागोपाठच्या दोन चित्रांतील फरकावरून हात कोणीकडे व किती सरकला हें ताडलें जाई. टेबलावर लोळणारा भागच उरला नाहीं, मग धूळ अडकावी कोठें? हा बदल निःसंशय करण्याजोगा होता, आणि जगानें तो केलाहि. त्यानंतर २००४ मध्यें लेसरचा माउस आला व २००९ मध्यें स्वच्छ कांचेवर चालणारा. परंतु ज्याचें टेबल लांकडाचें आहे, किंवा ज्यानें साधें पॅड अंथरलें आहे, त्याला कांचेवर चालण्याच्या गुणाचा उपयोग तो काय?

जाहिरातींतील आंकड्यांचाहि थोडा हिशेब केला पाहिजे. पडदा १,९२० बिंदूंचा रुंद धरला, तर ८०० डीपीआयचा माउस सुमारें अडीच इंच सरकवितांच बाण एका कडेवरून दुसऱ्या कडेस पोंचतो. १६,००० डीपीआयच्या माउसास त्यासाठीं अवघे तीन मिलिमीटर पुरतात. इतक्या अधीर बाणानें बारीक रेघ पकडणें दुर्घट. म्हणून मोठा आंकडा विकत घेणाऱ्यास तो वापरतांना कमीच करावा लागतो. गतीचेंहि असेंच आहे. साधा माउस दर सेकंदास १२५ वेळां आपली खबर संगणकास देतो, म्हणजे आठ मिलिसेकंदांतून एकदां. खेळासाठीं बनविलेला १,००० वेळां, म्हणजे दर मिलिसेकंदास. पण साधा पडदा स्वतःच सेकंदांत ६० वेळां बदलतो, म्हणजे सुमारें सतरा मिलिसेकंदांतून एकदां. स्पर्धेंत उतरणाऱ्या खेळाडूस हा फरक मोलाचा असेल. अर्ज भरणाऱ्या लेखनिकास तो जाणवणारहि नाहीं.

म्हणून नवें सारेंच टाकाऊ, असें मात्र नव्हे. कांहीं वर्षांच्या वापरानें बटणाखालची धातूची पट्टी झिजते, आणि एका दाबास दोन क्लिक पडूं लागतात. असा माउस हातचें काम बिघडवितो. तो बदललाच पाहिजे. प्रकाशावर चालणाऱ्या नव्या बटणांत संकेत धातूच्या स्पर्शावर अवलंबून नसल्यानें हा दोष उद्भवत नाहीं. वायरलेस माउस टेबल मोकळें ठेवतो, परंतु त्याला सेल लागतो व त्याचा इवलासा रिसीव्हर हरवतो. जेथें एका टेबलावर दिवसांत अनेक हात बसतात, तेथें वायरच बरी. आरेखकाच्या कामांत मधलें चाक दाबून चित्र फिरवावें लागतें. त्याला घट्ट, नेमकें चाक हें डीपीआयपेक्षां अधिक महत्त्वाचें.

सर्वांत मोठा प्रश्न मनगटाचा आहे. सपाट माउसावर तळहात पालथा पडतो व पुढचा हात पिळला जातो. उभ्या माउसावर तो पीळ कमी होतो. तथापि केवळ अशा माउसानें दुखणें टळतेंच, असें म्हणण्याइतका पक्का पुरावा नाहीं. टेबलाची उंची, कोंपराखालचा आधार आणि मधून मधून घेतलेली विश्रांति यांचा विचार आधीं व्हावा. कारण त्यांपैकीं विश्रांतीस कांहींच मोल पडत नाहीं. बोटांत मुंग्या येत राहिल्या, तर दुकानदाराकडे न जातां वैद्याकडे जावें. आरेखकाच्या घरची चूल त्याच मनगटावर पेटते. त्याची किंमत कोणत्याहि माउसाहून अधिक आहे.

तेव्हां निर्णय सोपा आहे. जुना माउस बाण नीट चालवीत असेल, बटण एकदांच बोलत असेल आणि हात दुखत नसेल, तर पैसे पेटींतच राहूं द्यावे. यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर बिघडलें, तर त्याच दोषावर इलाज करणारा माउस हातांत धरून पाहून घ्यावा, आणि जुना उकिरड्यावर न टाकतां अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. यंत्र नवें आहे कीं जुनें, हें पाणचक्कीच्या जात्यानें कधीं विचारलें नाहीं. पीठ पडतें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.