यंत्रकरवत घ्यावी काय?



मधल्या किमतीची पेट्रोल करवत आपल्याला परवडते काय? कोरडवाहू रानात तोडायला असतं काय? धुऱ्यावरची बाभूळ, वादळानं पडलेला कडुनिंब. पऱ्हाटीच्या बारीक काड्यांना ती कामाची नाही. काम वर्षातून चार दिवस. त्यासाठी पेट्रोलात टू-स्ट्रोक ऑइल, साखळीला वेगळं तेल, दात्यांना गोल कानस. पडून राहिली की जुन्या पेट्रोलनं कार्बोरेटर चोंदतो. शिवाय साग, चिंच तोडायला १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागतेच. झाड आपलं, विचारायचं सरकारला!

एकट्यानं घेऊ नये, असं आम्हांला वाटतं. पाच-सहा घरांनी मिळून घ्यावी, शिकलेल्या एकानंच चालवावी. पट्टीच्या टोकानं मात्र कापू नये. करवत उसळून तोंडावर येते.